करकोचा परत आला त्याची गोष्ट

मी गुरांची डॉक्टर. नंदुरबारच्या कडेला माझं घर आहे आणि मागे पत्र्याची शेड. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात वनरक्षकाने टीव्हीच्या खोक्यातून एक पक्षी आणला. मांजाने पंख कापलेला कांड्या करकोचा. हे पाहुणे दर हिवाळ्यात मंगोलियाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. मी टाके घातले, पंख बांधला आणि त्याला शेडमध्ये ठेवलं.

नर की मादी, हे नुसतं बघून सांगता येत नाही. समोरच्या धान्यवाल्या शेठजींनी मात्र पाहताक्षणी ती मादी असल्याचं जाहीर केलं. ते मूळचे राजस्थानचे.

"ही तर कुरजा. आमच्या गावी हजारोंनी येतात. माहेरचं माणूस आहे, बाई."

मग ते रोज सकाळी ज्वारी घेऊन यायचे आणि तिच्याशी मारवाडीत गप्पा मारायचे. ती मान वाकडी करून ऐकायची. जखम भरली, पंख उघडू-मिटू लागला, पण पोस्टमन आला की ती त्याला फाटकापर्यंत पोचवायला जायची. हे लक्षण चांगलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला पायात पिवळी कडी घालून आम्ही तिला गावाबाहेरच्या तलावावर सोडलं. ती धावली, उडाली, एक मोठी फेरी घेऊन दिसेनाशी झाली. शेठजींनी डोळे पुसले. वनरक्षकाने तिथेच अहवाल लिहिला. आम्ही घरी पोचलो तर ती शेडच्या पत्र्यावर उभी.

"आते काय लिखू, बाई?" वनरक्षक म्हणाला. "उडनी नि परत उनी, आशे लिखू?"

"तसंच लिहा."

"साहेब इचारतीन, कोना घर."

तिला माणसांची भीती वाटायला हवी होती. मी शेठजींना यायला बंदी केली आणि रोज झाडू घेऊन तिच्या अंगावर धावून जाऊ लागले. पहिल्या दिवशी ती दोन पावलं मागे सरली, मग पंख पसरून तिने उडी मारली, वाकली, पुन्हा उडी मारली. हे पक्षी नाचतात, हे मला वाचून माहीत होतं. मी झाडू उचलला की ती नाचायची. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून शेठजी म्हणाले, "बाई, तुमचाही ताल आता बरा बसतोय."

शेवटी प्रकाशा गावाजवळ तापीच्या वाळूत थवा उतरल्याची बातमी आली. आम्ही तिघे तिला घेऊन गेलो, लांबूनच सोडलं आणि बाभळीमागे बसलो. थव्यातल्या दोघांनी तिला टोचून हाकललं. ती आमच्याकडे चार पावलं आली. शेठजी उठायला लागले तसं मी त्यांचं धोतर धरलं. ऊन तापलं आणि थवा गोल गोल वर चढू लागला. ती खालीच उभी राहिली. मग एकदम धावली. पिवळी कडी दिसायची बंद झाली तरी आम्ही बराच वेळ वर बघत होतो. मला घरी येऊन जेवण गेलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वनरक्षकाचा फोन आला. वाळूत पिवळी कडी दिसली होती, जवळ जोडीदार आणि एक मळकट पिल्लू. आम्ही गेलो. ती खरोखर मादीच होती की काय, ते अजूनही कळलं नव्हतं. शेठजींनी मारवाडीत हाक मारली. तिने मान ताठ केली, आमच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी उडाली. पिल्लू तेवढं क्षणभर आमच्याकडे बघत राहिलं.

मला इतका आनंद झाला की मी वाळूतच बसले. अशीच घाबरायला हवी होती ती. शेठजी मात्र गाडीतून मागे वळून वाळूकडे बघत होते. तापीचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "पिल्लाला माणुसकी आहे. बापावर गेलंय."

"बाप कुठे पाहिला तुम्ही?"

"आईला तर पाहिलंय ना."