तळपायातला उजेड

माझ्या आधी आईला दोन मुलं झाली, दोघंही दिवस भरायच्या आत. निपाणीत आमचं एका खोलीचं घर. आई विड्या वळायची. पोटुशी असतानाही मांडीवरचं सूप कधी सुटलं नाही. बाळ आलं की आजी त्याला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. श्वास चाललाय का हे बघायला नाकाशी कापसाची एक तार धरायची. तार हलली म्हणजे बाळ आहे. पहिलं तीन दिवस होतं, दुसरं एकच दिवस. नेमकं काय बिघडलं, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढं मी आणि माझा धाकटा भाऊ दिवस भरून आलो आणि राहिलो, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग केलं, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बेळगावात एका हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी पाहिलेलं बाळ माझ्या ओंजळीत मावलं असतं. त्याच्या पायाला एक पट्टी गुंडाळलेली. पट्टीत लाल ठिपक्याएवढा दिवा. त्याचा उजेड पावलातून आरपार जातो, पलीकडं पोचेपर्यंत रक्त त्यातला किती उजेड पिऊन घेतं त्यावरून मशीन सांगतं, रक्तात ऑक्सिजन किती आहे. सुई नाही, टोचणं नाही. पुस्तकात हे मी वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. तरी त्या दिवशी तो लालसर पाय बघत मी उभीच राहिले. सीनियर सिस्टर म्हणाली, "काय गं, देवळात आलीस काय?" मला तसंच वाटत होतं.

गेल्या वर्षी माझी भावजय आमच्याच हॉस्पिटलात सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा, वजन एक किलो शंभर ग्रॅम. तिचं ऑपरेशन झालेलं, बीपी चढलेलं, ती दुसऱ्या वॉर्डात. मग बाळाला छातीशी उघड्या अंगाला धरून बसायला आमची आई आली. कोपरापर्यंत हात धुवून, गाऊन घालून. इन्चार्ज सिस्टरनी बाळ मुद्दाम दुसऱ्या सिस्टरकडं दिलं. "घरचं बाळ असलं की हात कापतो," म्हणाल्या. मी शेजारच्या पाळण्यापाशी.

बाळाला नाकातून ऑक्सिजन चालू होता. मशीनवरचा आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या मधे ठेवायचा. कमी झाला तर जिवाला धोका, आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळत राहिला तर डोळ्यांच्या कोवळ्या शिरा बिघडतात, नजर जाऊ शकते. त्यामुळं ऑक्सिजनचं बटण उगीच फिरवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं बाळ परत दिलं आणि ती तिथंच स्टुलावर बसली. सिस्टरनं पट्टी उजव्या पायाची डाव्या पायाला घातली. कातडी भाजू नये म्हणून आम्ही ती बदलत असतो. त्र्याण्णवचा आकडा चौऱ्याऐंशी झाला. मग एकोणऐंशी. मशीन ओरडायला लागलं. सिस्टरचा हात बटणाकडं गेला.

"थांब," मी म्हणाले, "आधी बाळ बघ."

शिकवलेलं तेवढं आठवत होतं. बाळाचे ओठ गुलाबी. छाती शांत वर-खाली होत होती. स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले, ते नीट होते. मशीन मात्र ठोके भलतेच कमी दाखवत होतं. म्हणजे मशीनला नीट दिसत नव्हतं. मी पट्टी सोडली. तळपायावर, बरोबर दिव्याच्या जागी, काजळाची ठसठशीत तीट.

आईकडं बघितलं. ती कमरेची चंची चाचपत होती.

"आये, हे काय?"

"गालाला लावलं असतं तर तुमी पुसलं असतं. म्हणून पायाला लावलं. हितं किती लोकं बगत्यात त्याला!"

"लई शानी हाईस गं तू!"

"मग? तुला कुणी जन्म दिला?"

सिस्टरला हसावं की रडावं कळेना. कोमट पाण्याच्या बोळ्यानं मी तीट पुसली, पट्टी परत गुंडाळली. पडद्यावरची रेघ आधी वेडीवाकडी, मग सरळ लयीत. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. त्र्याण्णव.

आवाज ऐकून आलेल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "एनु अज्जी," 'काय आजी' असं कानडीत सुरू होऊन ते मराठीत आले, "बाळाची दृष्ट काढली आणि आमच्या मशीनची दृष्टी घालवली!" बटण फिरवलं नाही म्हणून माझ्याकडं बघून त्यांनी नुसती मान हलवली. मला ते पुरलं.

आईनं मला जवळ ओढलं. "माझ्यामुळं काय झालं असतं गं त्याला?" मी खरं ते सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. तिनं काजळाची डबी माझ्या हातात दिली. मग हळूच विचारलं, "रगत न काढता कळतंय तरी कसं?"

मोठ्या माणसांचा बोटाला लावायचा चिमटा मी आणला. विड्या वळून बोटांच्या शेंड्यांची कातडी जाड, तपकिरी झालेली. मला वाटलं, हिच्या बोटातून काय उजेड जातोय. पण बोट कडेनं लालबुंद उजळलं, आणि आकडा आला सत्त्याण्णव.

आई किती तरी वेळ बोटाकडं बघत राहिली. "माझ्यातनंबी जातोय व्हय उजेड?"

"सगळ्यांच्यातनं जातो, आये."

"आन् हे तू शिकलीस."

मी चिमटा काढून घेतला. पाळण्यात बाळाचा पाय तेवढाच लाल दिसत होता. मला पहिला दिवस आठवला नाही, पुस्तक आठवलं नाही. इतक्या पातळ कातडीतून उजेड जातो आणि आतली खबर घेऊन बाहेर येतो, एवढंच डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज आली, बाळाला धरून बसली. त्याला धरलं की आकडा स्थिर राहतो हे तिनं स्वतःच पडद्यावर बघून ओळखलं. बाहेर बसलेल्या, गुंजी गावच्या एका बाईला ती बजावत होती, "पायाला काय लावू नगंस. तिथनं बाळाचा श्वास दिसतोय."

सोळाव्या दिवशी बाळाचा ऑक्सिजन बंद केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा तपासलं. दोन्ही डोळे चांगले निघाले. वजन एक किलो नऊशे झालं, आणि भावजय बाळाला घेऊन निपाणीला घरी गेली.