केक भाजेपर्यंत

“आता खोकून दाखव.”

असं म्हणाली बाई. हातात विणायची सुई, कमरेले पांढरा एप्रन. समोर गालिच्यावर पंधरा-वीस बाया. मागं सिगडीवर पत्र्याची पेटी, पेटीत केक. आणि मधात मी.

मी खोकली. माझ्या मायसारखी. आधी कोरडं, मग छातीतून, मग पदर तोंडाले. मग दम सापडत नाही म्हणून एक हात जमिनीवर. बाया हासून हासून एकमेकींच्या अंगावर पडल्या. राइस मिलवाल्याची बायको डोळे पुसत म्हणे, “अरे फिर से, फिर से! वो हाथ टेकनेवाला!”

मी पुन्हा हात टेकवला.

माझी माय बिड्या वळायची. या बाईच्याच नवऱ्याच्या कारखान्यात. तमाखूचा भुगा नाकातोंडात जाऊन जाऊन तिले खोकला लागला होता. त्या खोकल्यावर बंगल्यात टाळ्या पडून राहिल्या होत्या. आणि तो खोकला तिथं मी नेला होता, माझ्या गळ्यात घालून.

मी तेव्हा अठराची. सातवी पास. शाळेत हेडमास्तर नाक कसं ओढतात, ड्रिलमास्तर शिट्टीत थुंकतात कसे, सगळं करून दाखवायची. पोट्ट्या हासायच्या, मी छड्या खायची, पुन्हा करायची. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की गळ्यात बसे. बंगल्यात कामाले लागली तेव्हा दोन महिन्यांत बाईचाही बसला. पण तो कोणाले दाखवायचा नव्हता.

बाई पुण्याकडची. लग्न होऊन गोंदियात आली आणि तिले आमची दया आली. देश स्वतंत्र झाला होता. बाईच्या मते आता गोंदियाच्या बायांनी केक शिकायले पाहिजे होता. म्हणून दर महिन्याले हॉलमध्ये प्रात्यक्षिक. डॉक्टरीणबाई यायची, वकिलीणबाई यायची, मिलवाल्यांच्या बायका यायच्या. धानाच्या कोंड्यानं ज्यांचे बंगले उभे झाले त्या मैद्याकडे अशा पाहायच्या, जसा काही तो देवळातून आला.

मैदा मी चाळायची. अंडी मी फेटायची, खांदा गळून पडेपर्यंत. निखारे पेटीच्या खाली किती, वर किती, ते मीच लावायची. बाई फक्त बोलायची. “बरं का, मिश्रण हलक्या हातानं, अगदी हलक्या हातानं!” आणि हलक्या हातानं माझ्याकडे बोट दाखवायची.

केक भाजायले पाऊण तास लागते. ही प्रात्यक्षिकातली मोठी अडचण. पाऊण तास पेटीकडे पाहत बसून कोण राहील? पहिल्या वेळेस बाया जांभया देऊ लागल्या. बाईनं मले मोरीजवळ धोबिणीची नक्कल करताना पाहिलं होतं. तिनं मले पुढं ओढलं. “ही आमची मुलगी फार गमतीदार आहे हं. ए, तुझी आई कशी बोलते, दाखव बरं.”

मी दाखवलं. मले वाटलं, आपण मोठ्या झालो. खरंच वाटलं. खोटं कायले बोलू? बाया माझ्याकडे पाहून हासत होत्या आणि मी फुगून राहिली होती. जे पेटीत फुगायचं ते फुगत नव्हतं, मीच फुगत होती.

कारण बाईचा केक नेहमी बिघडे. बाईले धीर नव्हता. दर थोड्या वेळानं पेटीचं झाकण उघडे, बायांना दाखवे, “बघा, कसा चढतोय!” आतली गरम हवा भस्सकन निघून जाय. चढलेला केक मधात खाली बसे. मी एकदा म्हटलं, “बाईसाहेब, झाकण नका उघडू जी.” बाई म्हणे, “तू मला शिकवू नकोस.”

ठीक आहे. नाही शिकवत.

मग केक बसला की बाई काय करे? आधी माझ्याकडे पाहे. “हिनं निखारे कमी ठेवले. या लोकांच्या हाताला नेमकेपणा नसतो.” बाया माना हलवत. मग बाई चाकूनं करपलेलं खरडे. खड्ड्यात मलई भरे, वर साखर, वर एक चेरी. झाला केक. मधातून कच्चा निघाला तर चमच्यानं कुस्करून वाटीत टाके, दूध ओते आणि म्हणे, “याला पुडिंग म्हणतात.” एकदा तर पूर्ण भांड्यालेच चिकटला. तिनं भांड्यासकट टेबलावर ठेवला. म्हणे, विलायतेत असाच खातात. डॉक्टरीणबाईनं चमच्यानं खरवडून खाल्ला आणि म्हणाली, “वेगळीच चव आहे!”

वेगळीच होती. भांड्याची होती.

सात महिने असं चाललं. दर वेळेस बाईचा केक बसे आणि दर वेळेस मी मायले घेऊन उभी राही. माय मुनीमसमोर कशी हात जोडते. “इतकी तं बरी हाये जी.” माय कशी वाकते. माय कशी खोकते.

मुनीम म्हणजे कारखान्यातला बिड्या तपासणारा. संध्याकाळी बाया आपापलं सूप घेऊन त्याच्यासमोर बसत. तो दोन बोटांनी बिडी उचले, दाबून पाहे, म्हणे “छाट!” आणि तिथंच मोडून टोपलीत फेके. तोंड ढिलं, छाट. पोट फुगलं, छाट. पान फुटकं असलं तरी छाट. पान कारखान्यानंच दिलेलं असे, पण छाट वळणारीच्या नावावर, मजुरी तिची कापत. तिच्या डोळ्यांसमोर मोडत. ना मलई, ना चेरी.

हे मले माहीत होतं. लहानपणापासून पाहत आली होती. पण हे आणि ते मी एकाच डोक्यात ठेवून एकमेकाजवळ कधी आणलं नव्हतं. डोकं म्हणजे काही मोठी खोली नाही, तरी त्यात भिंत कशी उभी राहते, मले समजत नाही.

मग तो दिवस. बाईकडे नागपूरची पाहुणी आली होती. हॉल भरला. बाईनं काहीतरी खास करायचं ठरवलं होतं. केक पेटीत गेला आणि ती म्हणाली, “आज नक्कल आणि असल, दोन्ही!”

दारात माझी माय उभी होती.

कारखान्यातून माणूस पाठवून बोलावली होती. हाताले तमाखू तशीच. तिले कोणी काही सांगितलं नव्हतं. गालिच्यावर पाय कसा ठेवावा म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मले पाहिलं तिनं. डोळ्यांनीच विचारलं, काय झालं वो?

बाई म्हणाली, “ये, आत ये. मुनीमजींना तू काय म्हणतेस ते सांग बरं.”

मायले वाटलं, तक्रार झाली. तिनं हात जोडले. “बाईसाहेब, दोरा म्या बरोबर बांधला होता जी. पानच फुटकं आलं. मुनीमजीले सांगा जी, इतकी छाट नका काढू. माही चूक असन तं माफी करा जी.”

हॉल हासला. डॉक्टरीणबाई किंचाळली, “अगदी तश्शीच! जी, जी, जी!”

माय गोंधळली. तिले खोकला आला. खरा. आधी कोरडा, मग छातीतून. तिनं पदर तोंडाले लावला. हात भिंतीले टेकवला. आणि बायांनी टाळ्या वाजवल्या.

मायनं टाळ्या ऐकल्या आणि खोकता खोकता पुन्हा हात जोडले. तिले वाटलं, माफी झाली.

मी तिथंच उभी होती. माझ्या अंगातलं काहीतरी पूर्ण खाली बसलं.

“बाहेर थांब,” बाई मायले म्हणाली आणि पेटीकडे वळली. झाकण उघडलं. पाचव्यांदा. सुई खुपसली, तर सुईले पीठ लागून आलं. केकच्या मधात एवढा खड्डा की त्यात लहान लेकराले बसवावं. कडा कोळशासारख्या. पाहुणी वाकून पाहत होती. बाईच्या कानाच्या पाळ्या लाल.

“काय करावं या मुलीला! निखारे कसे ठेवले बघा. ए, मलई आण.”

मी मलई आणली नाही. मी केक उचलला. एक गाल पानानं फुगल्यासारखा केला, चष्मा कपाळावर चढवल्यासारखा केला आणि दोन बोटांनी केक दाबला.

“ये क्या लाई है?” मुनीमचा आवाज बंगल्यात पहिल्यांदा आला. “मुंह दबा हुआ. पेट कच्चा. किनार जली हुई. छाट!”

मोडला. अर्धा अंड्यांच्या फोलांच्या टोपलीत. उरलेला अर्धा पुन्हा उचलून पाहिला. “ये भी छाट!” तोही टोपलीत. मग मलईच्या वाटीत डोकावून पाहिलं. “छाट पे मलई? कारखाने में ऐसा नहीं चलता, बाई.”

मिलवाल्याची बायको सवयीनं हासली. मग तिले समजलं, तोंडावर हात ठेवला. बाकी कोणी नाही हासलं. तोच गळा, तीच नक्कल, आणि पहिल्यापेक्षा चांगली केली होती. तरी नाही हासलं. विनोद यांना समजत होता, हे मले त्या दिवशी पटलं.

“चालती हो,” बाई म्हणाली.

मी माझ्या आवाजात म्हटलं, “झाकण पाच वेळा तुम्ही उघडलं. निखारे बरोबर होते.”

दारातून माय धावत आली. गालिच्यावरून आली. बाईच्या पायाशी वाकली. “पोट्टी येडी हाये जी. माफी करा जी.” मी तिचा दंड धरला आणि उठवलं. ती उठत नव्हती. मी ओढलं.

फाटकाबाहेर रेल्वेच्या रस्त्यावर आलो. मायनं विचारलं.

“त्या बाया ‘तश्शीच’ काऊन म्हणत होत्या?”

मी सांगितलं.

“माह्या खोकल्याची नक्कल करत होती तू?”

“हो.”

“कवापासून?”

“सात महिने.”

ती रस्त्यातच थांबली. “माह्या तोंडावर कर.”

मी तोंड उघडलं. आवाज नाही. कोणाचाच नाही, माझाही नाही. ती पाहत राहिली. मग म्हणाली, “तिथं बरी करता येत होती,” आणि पुढं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिले वळायले पान-तमाखू दिली नाही. मुनीम म्हणे, मालकाचा हुकूम. आता ती दुसऱ्याच्या धानात निंदायले जाते. मले तिनं मारलं नाही, शिवी दिली नाही, माफही केलं नाही. माझ्यासमोर खोकला आला की उठून बाहेर जाते. ते मी ऐकते. ऐकलंच पाहिजे.

बाईचं प्रात्यक्षिक अजून चालू आहे म्हणतात. पाऊण तास आता ग्रामोफोन लावतात.

मी आता बुधवारी बाजारात, कारखान्याच्या फाटकासमोर उभी राहते. मुनीमची नक्कल करते, शेटची करते, बाईची करते. बिडीवाल्या बाया सूप काखेत धरून थांबतात. पहिल्या वेळेस भ्यायल्या, आता हासतात. मागच्या बुधवारी एकीनं आत जाऊन मुनीमले विचारलं, “काऊन छाट? दाखव.” तिले दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी तिघींनी विचारलं.

मुनीमनं निरोप पाठवला आहे, तोंड बंद ठेव, नाहीतर गोंदियात राहणं कठीण होईल.

गोंदियात राहीन. माझ्या लोकांचा आवाज कोणाच्या हॉलमध्ये पुन्हा नेणार नाही, उपाशी राहीन पण नेणार नाही. ज्यांच्या हाती मोडायचा हक्क आहे त्यांचाच आवाज काढीन. फाटकासमोर काढीन, दिवसाउजेडी काढीन, आणि ते ऐकायले येईपर्यंत काढत राहीन.