तिसरा ग्लास
माझ्या एका खोट्या शब्दाने थोरल्या बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले, हे मी तीस वर्षे कुणाला कळू दिले नाही. परवा जळगावला, तिच्या सासरच्या अंगणात, ती कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती आणि त्या धुराने मला सोनगीरजवळ हायवेवर तेव्हा नव्यानेच निघालेले ग्रिल हॉटेल आठवले. रविवारची भर दुपार होती, निखाऱ्यांवर कोंबडी तडतडत होती, आणि माझ्यासमोर लिंबूसोडा घेऊन बसला होता माझा मित्र, ज्याचे स्थळ आमच्या वडिलांनी, आबांनी, बहिणीसाठी जवळजवळ पक्के केले होते. “बस कर भो, आबांना वास येईल,” तो म्हणाला. “जावई व्हायच्या आधीच सासऱ्याला भ्यायला लागलास?” असे म्हणत मी बिअरचा तिसरा ग्लास भरला. मूठभर बडीशेप चघळत मी धुळ्याला घरी पोहोचलो, तरी आबांना वास आलाच आणि त्यांनी दारातच अडवले, “कोणी पाजली?” मी मान खाली घातली आणि मित्राचे नाव सांगितले. “असा जवाई नको माले,” एवढेच ते बोलले. दुसऱ्या दिवशी नकाराचा निरोप गेला. कारण मित्राला कुणी सांगितले नाही. बहिणीने साखरपुड्यासाठी काढलेली साडी पुन्हा ट्रंकेत ठेवली. परवा मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, “अक्का, त्या दिवशी तो फक्त लिंबूसोडा प्यायला होता. खोटं मी बोललो. मला माफ कर.”