कळंबला माझ्याआधी कोण गेलं होतं?

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगायचं तर बहुतेक वाचून हसतो. सतरा वर्षं पायदळात काढलेला माणूस आहे मी. अंधारात दिसतं ते झाड असतं किंवा शत्रू असतो, तिसरं काही नसतं, अशी आमची शिकवण. तरीही एक गोष्ट पन्नास वर्षं पोटात ठेवली आहे. पटवून घ्या असा आग्रह नाही.

मी वसईजवळच्या सांडोरचा. घरी केळीची बाग, थोडी भाजी. माझ्याबरोबर भरती झालेला हरेश्वर कळंबचा, कोळ्याच्या घरातला. एकाच तालुक्यातले म्हणून पलटणीत आमची जोडी. बाकीचे सातारा-कोल्हापूरकडचे, त्यांना याचं बोलणं कळायचं नाही. "पानी" म्हणाला की सगळे चिडवायचे. मग तो मुद्दाम दहादा म्हणायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पूर्वेच्या आघाडीवर होतो. एका पहाटे भातखाचरातून पुढे सरकताना समोरून मशीनगन सुरू झाली आणि आम्हाला मागे बांधाआड यावं लागलं. हरेश्वर मधेच राहिला. पोटात गोळी लागली होती. माझ्यापासून चाळीस पावलांवर असेल.

बाहेर कोणी जायचं नाही, असा हुकूम होता. तो चूक नव्हता. जो उठला असता तो मेला असता. हरेश्वर पाणी मागत होता, आणि माझं नाव घेऊन मागत होता. "दत्त्या, पानी दे रं..." सेक्शनमधला एक जण मला म्हणाला की निदान बाटली तरी फेक त्याच्याकडे. मी म्हटलं, माझी रिकामी आहे.

ती भरलेली होती. फेकायला अर्धं उठावं लागलं असतं, आणि माझे हातपाय हलत नव्हते. उन्हं चढल्यावर त्याचा आवाज थांबला. बाटली भरलेली होती हे मी कोणाला सांगितलं नाही. सुभेदारसाहेबांना नाही, बायकोलाही नाही.

लढाई संपली. आम्हाला तिकडेच युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला ठेवलं. मला रजा मिळाली ती थेट होळीनंतर. घरी आलो, आईने दृष्ट काढली, गावात कौतुक झालं. पाच दिवस मी बागेतच घालवले. सहाव्या दिवशी बायको म्हणाली, "त्याच्या आईला भेटून या. ती वाट बघत असेल." तिला काय माहीत मी का टाळतोय ते.

सायकल काढली आणि निर्मळ गावावरून कळंबला निघालो. त्याआधी त्या गावात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. वाटेत काय बोलायचं ते घोकत होतो — गोळी डोक्यात लागली, जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. अकराच्या सुमारास पोचलो. लख्ख ऊन होतं. एका म्हाताऱ्याला घर विचारलं, त्याने सुरूच्या झाडांपलीकडचं कौलारू घर दाखवलं.

अंगणात त्याची आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. बाजूला त्याची धाकटी बहीण शेवंती, असेल वीसेक वर्षांची. मी नाव सांगायच्या आतच आईने वर बघितलं आणि म्हणाली, "परत आलास? बस."

मला वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी समजतेय. मी म्हटलं, "काकी, मी दत्ता. हरेश्वरच्या पलटणीतला."

"ठाव हाय. तवा सांगितलंस ना."

मी शेवंतीकडे बघितलं. तिलाही त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने सांगितलं की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो होतो. वर्दीत होतो. याच ओट्यावर बसलो होतो. तिने तांब्या आणून ठेवला, पण मी पाण्याला हात लावला नाही. मग तिच्या आईला सगळं सांगितलं... हरेश्वर कसा पडला, किती वेळ हाका मारत होता, ते सगळं.

मी विचारलं, "सगळं म्हणजे काय?"

उत्तर आईने दिलं. हातातला बोंबील नीट बांबूवर टाकला आणि म्हणाली, "बाटली भरलेली व्हती, त्ये पन सांगितलंस."

संक्रांतीला मी तिथून हजारावर मैल लांब होतो. मी म्हणालो, "काकी, तो मी नव्हतो." चूक केली. ती पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघायला लागली. तेव्हा खरं बोललास, आता खोटं कशाला बोलतोस, असं म्हणाली. सायकलवर घोकलेलं सगळं सोडून दिलं.

मग मी तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात, ते एकदा परत सांगा."

"येकदा सांगितलं," ती म्हणाली. "परत नाय सांगनार." आणि आत जाऊन तिने चुलीवर भात ठेवला. मला जेवू घातलं. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

निघताना शेवंतीला बाजूला घेऊन आईचं तेव्हाचं उत्तर विचारलं. ती म्हणाली, "माझ्यासमोर काय नाय बोलली. मला हिरीवर पान्याला पाठवलंन. परत आले तं तुम्ही चाललेलात. रडत व्हता."

माफ केलं तरी माणूस रडतो, आणि शाप दिला तरी रडतो.

छावणीवर परतल्यावर पहिल्यांदा हजेरीचं रजिस्टर काढून बघितलं. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मी हजर आहे. पलटणीतलं दुसरं कोणी माझ्या नावाने गेलं असेल? पण आमच्यातल्या कोणाला तेव्हा रजा नव्हती. हरेश्वरबरोबर मी कधी फोटो काढला नव्हता, तरी दोघींनी मला चेहऱ्याने ओळखलं. आणि बाटलीचं काय? ते तर मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललो नव्हतो.

पुढे प्रत्येक रजेत कळंबला गेलो. केळीचा घड नेत असे. काकी ठेवून घ्यायची, जेवू घालायची. तिने कधी मला घरचा मानलं असं म्हणवत नाही, पण दारही कधी लावलं नाही. शहाऐंशी साली ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शेवटचं विचारलं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तवा आयकलंस ना? मंग झालं." चार दिवसांनी ती गेली.

माझा कबुलीजबाब कोणीतरी माझ्या चेहऱ्याने देऊन आलं, आणि त्याचं उत्तरही तोच घेऊन गेला. तो कोण होता, मला आजही माहीत नाही. पण त्याचं आता फारसं वाटत नाही. तिने त्याला काय सांगितलं, तेवढं मला कळायला हवं होतं.