आप्पा डॉक्टरांचा उजवा कान

आप्पा डॉक्टरांचा फोन वाजला की गाडी थांबायची. चढ असो, उतार असो, मागे उसाचा ट्रॅक्टर असो. आप्पा गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत, खाली उतरत आणि एखाद्या लिंबाची सावली गाठूनच "हां, बोला" म्हणत. सोलापूरच्या आसपासच्या गावांतल्या गुरांना औषधपाणी करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी एका खोंडाचं शिंग डाव्या कानावर बसलं आणि तो कान कायमचा गेला. उरलेल्या कानाला एका वेळी एकच काम द्यायचं, हा त्यांचा नेम. "कान येकच हाय, डॉक्टर. त्यानं रस्ता तरी ऐकावा, न्हायतर माणूस तरी."

त्यातली डॉक्टर म्हणजे मी. पशुवैद्यकीची पदवी घेऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली लागले होते. दिवसभर त्यांच्या जुन्या गाडीत डावीकडे, म्हणजे नेमकी बंद कानाच्या बाजूला बसायचे. त्या दोन वर्षांत माझा आवाज जो चढला तो अजून उतरलेला नाही. घरचे म्हणतात, तू बोलत नाहीस, हाका मारतेस.

आप्पांच्या या नेमाचं सगळ्यांना कौतुक होतं, कुंभारीच्या गंगव्वाची गाय अडली त्या दिवसापर्यंत. निरोप आला तसे आम्ही लगेच निघालो. पण अक्कलकोट रोडची एमआयडीसी ओलांडेपर्यंत आप्पांना चार फोन आले, पुढे आणखी तीन. एकाची म्हैस आटली होती, एकाला नुसतंच गोळी उपाशीपोटी द्यायची का, हे विचारायचं होतं. आप्पा प्रत्येक वेळी थांबले, उतरले, बोलले. आम्ही गोठ्यात पोचलो तेव्हा शेजारी राहणाऱ्या दिरानं दोरी लावून वासरू ओढून काढलं होतं. गाय वाचली, वासरू गेलं. एकट्या बाईचा संसार त्या एका गायीवर. पण गंगव्वानं आत जाऊन आमच्यासाठी चहा केला.

येताना आप्पा म्हणाले, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा दिला हो तिनं."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "गाडीत हात न लावता फोनवर बोलायचं काय तरी मिळतं म्हणं. कुटं मिळतं?"

मी त्यांना सलीमभाईंकडे नेलं. सलीमभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीटकव्हरपासून हॉर्नपर्यंत सगळं. त्यांनी आधी कानात अडकवायचं छोटं यंत्र दिलं. ते उजव्या कानात बसलं आणि रस्ताच बंद झाला. मागचा टेंपो हॉर्न वाजवून थकला, मी ओरडून थकले, आणि आप्पा शांतपणे खरारा कसा करावा ते कुणाला तरी सांगत होते. मग गळ्यात घालायचं आणलं. आप्पा बोकडाला लस टोचायला वाकले तेव्हा ते बोकडानं खाल्लं. तिसरं सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायचं, आवाज रेडिओतून यायचा. आप्पांना ऐकू छान यायचं, पण त्याचा माइक गिअरजवळ. पलीकडच्याला इंजिनच ऐकू जायचं. मोडनिंबच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "आप्पा, गिरणीत हाय का? मग दळण झाल्यावर करतो की."

सलीमभाई चिडणाऱ्यांतले नव्हते. पण चौथ्या खेपेला त्यांनी हात जोडले. "डॉक्टरसाब, ये आखरी. डोक्यावर ऊन अडवायची झडप असते ना, तिला अडकवा. माइक तोंडासमोर, आवाज उजव्या बाजूनं, कान मोकळा."

"आवाजाचं न्हाय हो. मला श्वास ऐकू आला पायजे," आप्पा म्हणाले. ते फोनवर नेहमी सांगत, फोन जरा जनावराच्या नाकाशी धरा. "असं करा, तुमी आत जावा, मला फोन लावा, आन् न्युमोनिया झालेल्या म्हशीगत श्वास घ्या."

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते आत गेले आणि काउंटरमागे उभे राहून घोरल्यासारखे श्वास घेऊ लागले. आप्पा बाहेर इंजिन चालू ठेवून गाडीत. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरली. तिसऱ्यानं तर पाणी आणून दिलं. आप्पांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "येकदम बेस! हेच द्या. आन् सलीमभाई, तुमी छातीचा फोटो काढून घ्या येकदा." सलीमभाईंनी खरंच काढला; फोटो स्वच्छ निघाला.

यंत्र आलं तरी आप्पा सैल झाले नाहीत. चालू गाडीत दोन वाक्यं. तिसरं लागलं तर गाडी कडेला. पण पहिली तीन मिनिटं सावली शोधण्यात जायची, ती वाचली.

पुढच्या वर्षी एका दुपारी आम्ही गावाबाहेर पडत होतो आणि गंगव्वाचाच फोन आला. गाय पुन्हा अडली होती. एकच पाय दिसत होता. मागे तिच्या दिराचा आवाज, "दोरी आणा!"

आप्पांनी गाडी थांबवली नाही. डोळे रस्त्यावर ठेवून मला म्हणाले, "गाडी मी चालवतो. फोन तुमी सांभाळा." मग दिरासाठी त्यांच्या घरच्या कन्नडमध्ये एकच शब्द ओरडले, "एळीब्याड!" ओढू नको. त्यानंतर ते बोललेच नाहीत. मी बोलत राहिले. दुसरा पाय आत मुडपलाय, ओढलं तर वासरू जाईल. गायीला शांत राहू द्या. पाणी गरम करा. दीर म्हणाला, "पोरीचं काय ऐकतीस?" गंगव्वा म्हणाली, "मागल्या बारीला तुमचंच ऐकलं हुतं." नंतर दोरीचं नाव कुणी काढलं नाही. गोठ्यात पोचल्यावर आप्पांनी स्वतःचा जाड हात बघितला, माझा बारीक हात बघितला आणि बाजूला झाले. मुडपलेला पाय मला सापडला. कालवड झाली, आणि थोड्याच वेळात लटपटत उभी राहिली. गंगव्वानं या वेळी आधी रडून घेतलं, मग चहा टाकला.

त्याच वर्षी आप्पांचे डोळे मंदावले. मुलानं हुबळीला यायचा आग्रह धरला. जाण्याआधी आठवडाभर ते माझ्याबरोबर सगळी गावं फिरले. गाडी मी चालवायची, ते शेजारी. शेवटच्या दिवशी मोडनिंबला एका बैलाचा खूर सडला होता. आप्पा म्हणाले, "तुमी जावा, मी हितंच बसतो." बैल मारका होता, मालक त्याहून. त्याला आप्पाच हवे होते. दोनदा बैलानं मला भिंतीशी दाबलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मला इतकं बरं वाटलं की हातातलं काम थांबलं. पण कुणी आलं नाही. जरा वेळानं दार लागल्याचा आवाज आला. मग मीच मालकाला म्हटलं, वेसण घट्ट धरा, आणि खूर साफ केला.

परतताना आप्पा म्हणाले, "उतरत हुतो मी. लई मन झालं. येक पाय खाली टाकला पन हुता."

"मग आला का नाहीत?" मी विचारलं.

"आलो असतो तर उद्यापासनं तुमी दाराकडंच बगत बसला असता की."