तळ नसलेला चिखल

धायरीतली आमची भाताची खाचरं बिल्डरला गेली, त्या वर्षी भावकीत कुणी जीप घेतली, कुणी बंगला बांधला. ह्यांनी बोट घेतली. फायबरची, दोन बाकांची, मागे पेट्रोलचं इंजिन. धरणाच्या पाण्यात चार-दोनदा फिरवली आणि लगेच फर्मान निघालं, मे महिन्यात कोकणात जायचं, खाडीतून थेट समुद्रापर्यंत. मी म्हटलं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." हे हसले. माझ्या बोलण्याला हसायचं आणि आपलंच खरं करायचं, ही त्यांची जुनी रीत.

खाडीत आम्ही दोघंच होतो. दुपारी एका वळणावर झाडांच्या सावलीला ह्यांनी नांगर टाकला आणि आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. पिठलं-भाकरी झाली, पाठोपाठ दोघांनाही डुलकी लागली. जाग आल्यावर मी हात धुवायला वाकले तर खाली पाणीच नाही. बोट काळ्या, चकचकीत चिखलावर बसलेली आणि पाणी लांब मधल्या धारेला लागलेलं. ओहोटी शाळेत शिकलो होतो, पण धरणाचं पाणी असं कधी उठून गेलं नव्हतं.

"आता वो?"

"आता काय, खांदा देऊ." बैलगाडी रुतली की हे उतरून चाकाला खांदा द्यायचे, तेच डोक्यात.

"अवो, पाणी यील की परत. बसा गुमान."

"चिखलात जल्म गेला माझा," म्हणाले, आणि पँट वर सारून उतरले.

आमच्या खाचरातल्या चिखलाला खाली कठीण जमीन असते. पाय गुडघाभर जातो आणि टेकतो. इथे तो टेकलाच नाही. बोटीला रेटा दिला तसे हे मांडीपर्यंत गेले. एक पाय काढायला दुसऱ्यावर भार दिला, तसे कमरेपर्यंत.

"हितं तळच न्हाई गं," म्हणाले.

मी हाका मारमारून घसा फोडला. आसपास चिटपाखरू नव्हतं. मग बोटीतल्या तळाच्या फळ्या काढून चिखलावर टाकल्या, त्यांच्यावर पालथी पडले आणि पातेल्याने त्यांच्या कमरेभोवतीचा चिखल उपसायला लागले. एक पातेलं काढावं तर दोन पातेली येऊन बसत. हे म्हणाले, हळू उपस. मी म्हटलं, उतरताना हळू उतरला असतात तर बरं झालं असतं. ऊन डोक्यावर तापत होतं आणि आम्ही कडाकडा भांडत होतो. भांडत होतो तोवर बरं होतं.

मग बोलता बोलता हे माझ्या मागे बघायला लागले. मी मान वळवून पाहिलं. मधल्या धारेतलं पाणी आता आमच्या बाजूला सरकत होतं, काही आवाज न करता. जरा वेळाने माझ्या फळीखाली गार लागलं. पाणी येईल म्हणून मीच त्यांना थांबवत होते, आणि आता ते आलं तर तेच मला नको झालं होतं.

बघता बघता ते त्यांच्या छातीला टेकलं. मी बोटीत चढले आणि वाकून त्यांचे दोन्ही दंड धरले. बोट हलली, अलगद वर उचलली गेली. हे उचलले गेले नाहीत.

"ऐक," म्हणाले. "आधी इंजिन पाण्यात खाली सोड. मग नळीवरचा रबरी फुगा दाब, कडक हुईस्तवर. चोक वढ. मग दोरी, एका झटक्यात. सुरू झालं की चोक आत."

एरवी त्या इंजिनाला ते मला बोट लावू देत नसत. शिकवण्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला नाही.

"मला न्हाई शिकायचं."

"नांगराची दोरी काप. ती सोडवत बसू नगं."

"गप बसा म्हणते ना!" मी ओरडले. इतकं मोठ्याने मी त्यांच्यावर आयुष्यात ओरडले नव्हते.

आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधतात. बोटीत प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन होता. मी सगळं पाणी ओतून दिलं, झाकण घट्ट लावलं आणि काखेतून दोरी घेऊन तो त्यांच्या पाठीला आवळला. "आता मागं रेला. पोहायला शिकता तसं, पडा उताणं."

पाणी गळ्याशी आलं तेव्हा कॅनने त्यांना वर ओढायला सुरुवात केली. मी खांदे धरून खेचत होते आणि येईल त्या देवाला शिव्या देत होते. एक पाय सुटला. हे किंचाळले, मग दुसराही सुटला, चप्पल खालीच राहिली. त्यांना बोटीच्या काठावरून आत ओढताना आम्ही दोघंही बाकावर आपटलो.

जरा वेळाने ते इंजिनापाशी सरकले. ते खाली सोडायला हात घातला, पण दंडात जोरच उरला नव्हता. मी त्यांना बाजूला सारलं. इंजिन खाली सोडलं, फुगा कडक होईपर्यंत दाबला, चोक ओढला, दोरीला झटका दिला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. चोक आत ढकलला आणि कांदा चिरायच्या सुरीने नांगराची दोरी कापली.

एकही गोष्ट चुकली नव्हती. म्हणजे, नाही शिकायचं म्हणून ओरडत असताना मी शब्द न् शब्द मनात ठेवून घेत होते. हे माझ्याकडे बघत होते. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. बोटींचा धक्का येईपर्यंत इंजिनाचा दांडा माझ्याच हातात राहिला.