हळदीखाली लपलेले फोड

पोलीस खात्यातल्या नोकरीत जळिताची प्रकरणे मी बरीच हाताळली, पण सांगलीतले ते एक प्रकरण मनातून जात नाही. तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती?" त्यांना खून, दरोडा असले काही ऐकायचे असते. मी हीच सांगतो. नावे मात्र सांगणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एका खासगी दवाखान्यातून वर्दी आली की बावीस-तेवीस वर्षांची विवाहिता भाजून दाखल झाली आहे. घरात सासू आणि सून दोघीच. मुलगा पुण्याकडे बांधकामावर. सासू मार्केट यार्डाजवळच्या एका गोदामात हळद निवडायला जायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही इथे तेच म्हणतो.

जळीत विवाहितेचे असले की पोलिसाच्या मनात पहिला संशय सासरच्यांवर जातो. नायब तहसीलदारांसमोर सुनेचा जबाब झाला. "स्टोव्हचा भडका उडाला. माझीच चूक," एवढेच ती म्हणाली. मावशीनेही तेच सांगितले.

मी पंच घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. पत्र्याची एकच खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. रॉकेलच्या आगीत भिंतीवर काजळी धरते आणि वास मागे राहतो. इथे दोन्ही नव्हते. पडदा, दोरीवरचे कपडे, भिंतीवरचे कॅलेंडर एकाच झटक्यात होरपळल्यासारखे दिसत होते. बरे, रेशनवरचे रॉकेल बंद होऊन वर्षे लोटली. या बाईंना ते मिळाले कुठून?

"स्टोव्ह कुठाय?" मी विचारले.

"भंगारात दिला," मावशी म्हणाली.

"सून दवाखान्यात आणि तुम्ही भंगारवाला शोधत बसलात?"

तिने हात पदराखाली घेतले. मी पंचनाम्यात 'स्टोव्ह मिळून आला नाही' असे नमूद केले आणि शेजारी चौकशीला माणसे लावली. शेजाऱ्यांना काहीच माहीत नव्हते. सगळी वस्ती एकाच सुरात 'आमाला काय ठावं न्हाई' म्हणायला लागली, की त्यांना काहीतरी ठाऊक असते, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

त्याच दुपारी ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "त्या म्हातारीनंच सून पेटवली. लय छळ करायची." ठाणे अंमलदाराने फोनची नोंद स्टेशन डायरीत घेतली आणि नंबर माझ्या हाती दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला ठाण्यात बोलावले. आमच्या महिला हवालदार बाई सोबत बसल्या. या बाई कराडकडच्या, मोजके बोलणाऱ्या, पण नजर घारीची. मी सरळ विचारले, "सुनेला तुम्ही पेटवलंत, असा तुमच्यावर आरोप आहे. काय म्हणणं आहे?"

ती म्हणाली, "मला आत टाका सायेब. पर पोरीच्या औषदाला काय कमी पडू देऊ नका."

आरोपी असे बोलत नाही. आरोपी आधी स्वतःला वाचवतो.

हवालदार बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. मावशीने कप बोटांच्या टोकांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. बाईंनी तिचे हात धरून उजेडात उलटे केले. तळव्यांवर हळदीचा पिवळा रंग चढला होता आणि त्याखाली फोड फुटून कातडी लोंबत होती. सून पेटली तेव्हा तिने नुसत्या हातांनी आग विझवली होती. आणि त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी हळद निवडायला गेली होती.

"अशा हातांनी कामावर गेलात?" बाई ओरडल्याच.

"एक दिस खाडा केला तर दुसरी बाई बसवत्यात माज्या जागंवर. मग कुनाच्या दारात जाऊ?"

मी बाईंना सांगून आधी तिच्या हातांना मलमपट्टी करून आणली. जबाब नंतरही घेता येतो.

तोवर फोनचा नंबर कोणाचा ते निघाले होते. तो वस्तीच्या तोंडाशी असलेल्या गॅस शेगडी दुरुस्तीच्या दुकानातला होता. ज्या माणसाला वस्तीतले सगळे 'शेठ' म्हणायचे, त्याचे ते दुकान. मी मावशीला एवढेच सांगितले, "तुमच्यावर आळ घेणारा फोन शेठच्या दुकानातून आलाय."

ती म्हणाली, "त्योच तर दवाखान्याचं बघतुया."

मग तिने सांगितले, आणि सगळे उलगडले. शेठ मागच्या खोलीत घरगुती सिलिंडरमधून लहान टाक्यांत चोरून गॅस भरायचा. मावशीकडे भाड्याच्या खोलीचा कागद नव्हता, म्हणून कनेक्शन नव्हते. सबंध सिलिंडर एका दमात घेण्याची ऐपत नव्हती. शेठकडे मात्र जेवढा हवा तेवढा मिळायचा, दर एजन्सीपेक्षा चढा. त्या सकाळी जुन्या टाकीची गळती झाली. सुनेने काडी ओढली आणि खोलीभर भडका उडाला. आम्ही पोचायच्या आत शेठच्या माणसांनी टाकी आणि शेगडी उचलून नेली. "स्टोव्ह म्हणून सांगा, दवाखान्याचा सगळा खर्च माझा. गॅसचं नाव काढलं तर एक पट्टीसुद्धा मिळणार नाही," असे त्याने बजावले होते. आम्ही स्टोव्हच्या मागे लागलो तसा तो घाबरला आणि संशय सासूकडे वळवायला त्याने तो फोन केला.

"जबाबात हे लिहून द्याल?" मी विचारले.

"दिते. पर उद्यापास्नं पोरीला औषद कोन देनार, ते आदी सांगा."

तिचा प्रश्न रास्त होता. त्याच दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेतून मोफत उपचार होत होते, पण रेशनकार्ड लागत होते. कार्ड गावी, जत तालुक्यात. ते आणायला जायचे तर तिचा रोज बुडणार, सुनेजवळ कोणी नसणार. योगायोगाने आमचा एक शिपाई समन्स बजावायला जतला निघाला होता. मी त्याला वाट वाकडी करून तिच्या घरी पाठवले. संध्याकाळपर्यंत कार्ड आले. हवालदार बाई स्वतः दवाखान्याच्या खिडकीवर उभ्या राहिल्या आणि योजनेत नाव घालूनच परतल्या. त्यानंतर मावशीने जबाबावर पट्टी बांधलेल्या हाताने सही केली. शाळा चौथीपर्यंत शिकली होती, अंगठा द्यायला ती तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुरवठा निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही छापा टाकला. भरलेल्या-रिकाम्या टाक्या, गॅस भरायचा पंप, वजनकाटा असा मुद्देमाल जप्त केला. शेठ आधी हसला, "साहेब, गरिबांची सोय करतो मी." दुकानातल्या मोबाइलवरचा तो फोन दाखवला तेव्हा हसू मावळले. मावशीच्या खोलीतली गळकी टाकी त्याच्याच माळ्यावर सापडली.

आम्ही खुशीत ठाण्यात परतलो, तर वस्तीतल्या बायका वाट बघत उभ्या. मला वाटले, आभार मानायला आल्या. त्यातली एक पुढे होऊन म्हणाली, "आवं सायेब, दुकान बंद केलंत, बेस झालं. आता आमी सांजच्याला चूल कशावर पेटवायची?"

गुन्हा उघड झाला की पोलिसाचे काम संपते, पण त्या बायकांसमोर मला तसे म्हणवेना. गॅस एजन्सीचा माणूस बोलावून घेतला. नुसत्या ओळखपत्रावर मिळणारी लहान सिलिंडर असतात, हे वस्तीत कोणालाच कुणी सांगितले नव्हते. तीही मोठ्या सिलिंडरच्या मानाने महागच, पण निदान तपासलेली. एजन्सीची गाडी वस्तीत येऊ लागली.

सून वाचली. मानेवर आणि हातावर व्रण राहिले, पण स्वतःच्या पायांनी चालत घरी आली.

खटला उभा राहिला तेव्हा शेठच्या वकिलांनी मावशीला उलटतपासात घेरले. "गॅस बेकायदा आहे, वर महाग आहे, हे माहीत असून तुम्ही तो घेत होता ना? मग दोष कुणाचा?"

मावशी पिंजऱ्यात ताठ उभी होती. म्हणाली, "वकीलसायेब, स्वस्त घ्यायला आदी हातात लय पैसं लागत्यात. तेवढं माज्याकडं कवाच न्हवतं."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसेच्या तसे नोंदवून घ्यायला सांगितले. शेठला शिक्षा झाली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात मी एक पद्धत पाडली. रोजंदारीवरच्या साक्षीदाराला कामाच्या वेळी बोलवायचे नाही. जबाब हवा असेल तर आपण त्याच्या दारात जायचे. गरीब माणूस गप्प बसला की आपण त्याला लबाड समजतो. खरे बोलण्याची त्याला काय किंमत पडेल, याचा विचार आपल्या मनात येत नाही. मावशीला ती माहीत होती. तिने ती मोजायची तयारी ठेवली, आणि माझ्या माणसांनी तिच्यावर ती वेळ येऊ दिली नाही. खात्याने मला पदके दिली, ती कपाटात आहेत. पण पोलीस म्हणून ताठ मानेने जगलो असे मी म्हणतो, ते त्या आठवड्याच्या जोरावर.